पुढची तीन पानं जेवल्यावर वाचावीत

मी भित्रा आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला हसायचं असेल तर मोकळेपणानं हसता येईल. घुबड ओरडलं की मला घाम फुटतो. विहिरीत वाकून बघवत नाही. लहानपणी कुंभिवलीला आमच्या घरामागं वाळत घातलेलं आईचं लुगडं वाऱ्यानं हललं आणि मी दोन दिवस अंथरुणाला खिळून होतो, ही गोष्ट आमच्या वाड्यात अजून सांगतात. आई तर ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची. अशा माणसाला सरकारनं नोकरी दिली ती घरोघर फिरून रक्त काढायची.

हिवतापाचं खातं. कुलाबा जिल्हा, कर्जत तालुका, साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. खाकी कपडे, सायकल, खांद्याला पिशवी. पिशवीत सुया, स्पिरिटचा बोळा, काचपट्ट्यांची पेटी आणि कडूजहर गोळ्या. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी विचारायचं, "कुणाला ताप आलाय का?" आला असेल तर डाव्या हाताच्या बोटाला सुई टोचायची, थेंब काचपट्टीवर घ्यायचा, पसरायचा, माशा बसू न देता वाळवायचा, आणि चार गोळ्या आपल्या डोळ्यांदेखत गिळायला लावायच्या. नसेल तर दाराशेजारी भिंतीवर आखलेल्या चौकटीत तारीख लिहायची आणि पुढचं घर गाठायचं. रक्ताची मला भीती नाही. दिवसाउजेडी बोटावर आलेला थेंब डाळिंबाच्या दाण्याएवढा असतो, त्याला काय भ्यायचं! मला भीती वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टींची.

माझं नाव नवशा. नवशा गोविंद रोकडे. आईनं नवस बोलून झालो म्हणून नवशा. पुढं छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, वडिलांनी देव नदीत सोडले, नवस-सायास बंद केले. माझं नाव तेवढं राहून गेलं. शाळेच्या दाखल्यावर चढलं होतं ना.

दिवसाला साठ-सत्तर घरं करणारा माणूस एकटा कसा असेल, असं कुणालाही वाटेल. त्याचं असं आहे की मी घरांत जात नव्हतो, घरांपुढं जात होतो. आम्ही कोण ते मी पोचायच्या आधीच गावात पोचलेलं असायचं. मग अंगणात उभं राहायचं, ओटीच्या खाली. ज्याला ताप असेल तो ओटीच्या कडेला येऊन बसायचा आणि हात पुढं करायचा. भिंतीवर तारीख लिहायची तर बाजूनं हात लांब करून, ओटीवर पाय न ठेवता. वाईट कुणी बोलायचं नाही, हे मुद्दाम सांगतो. उन्हातान्हाचं पाणीही मिळायचं, वरून ओंजळीत. "आत या" एवढं कुणी म्हणायचं नाही. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी आईला सांगायचो. वाटायचं. सायकल मारता मारता मी एकटाच मोठमोठ्यानं भांडायचो. सगळी उत्तरं मला सायकलीवर सुचायची.

पोरांचं आणखी वेगळं. मला बघितलं की ती गोठ्यामागं पळायची. "रगत प्याया आला रं!" म्हणून ओरडायची. त्यांच्या आया हसायच्या. मीही हसायचो, दुसरं काय करणार?

संध्याकाळी दहिवलीतल्या भाड्याच्या खोलीवर परत यायचो. दिवसभरात साठ वेळा ऐकलेलं वाक्य एकच असायचं, "नाय ताप." खोलीत तर तेवढंही कुणी म्हणणारं नव्हतं. म्हणून मी कर्जतच्या वाचनालयात नाव घातलं.

वाचनालय म्हणजे बाजारपेठेत एका दुकानाच्या माळ्यावर चार कपाटं आणि त्यांच्यापुढं बसलेले सखारामभाऊ. सखारामभाऊंच्या खणात कायम एक मोठं खोडरबर असायचं. परत आलेल्या पुस्तकात कुणी पेन्सिलीनं काही खरडलं असेल तर ते चष्मा कपाळावर चढवून खोडत बसायचे, आणि खरडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. एका वेळी एक पुस्तक, पंधरा दिवसांसाठी. त्या दिवशी मी उचललं त्याला मूळचं मुखपृष्ठ नव्हतं, वाचनालयाचा तपकिरी पुठ्ठा होता. त्यावर शाईनं नाव लिहिलं होतं, 'तहानलेला', आणि खाली कंसात 'कुमारांसाठी'. दुष्काळ नुकताच सरला होता. मला वाटलं, दुष्काळावरची असेल कादंबरी. शिवाय कुमारांसाठी, म्हणजे जास्त रडवणार नाही.

सखारामभाऊ नोंद करताना म्हणाले, "हे? बघा बुवा. मी पहिली दोन पानं वाचून ठेवून दिलं. पुन्हा उघडलं नाही."

मी का ते विचारलं नाही. तिथंच चुकलो.

दुसऱ्या दिवशी कोंडाण्याच्या वाटेवर आंब्याखाली भाकरी सोडली आणि पुस्तक उघडलं. थंड हवेच्या कुठल्याशा डोंगरगावात एक बंद बंगला. त्यात दोनशे वर्षं सतरा वर्षांचाच राहिलेला एक मुलगा. तो जेवत नाही. तो रक्त पितो. इंग्रजीत अशांना व्हँपायर म्हणतात, असं प्रस्तावनेत लिहिलं होतं. गावातल्या शाळेत जाणारी एक मुलगी, वसुधा. संध्याकाळ झाली की हा तिच्या दाराबाहेर येऊन उभा राहतो. पण त्यांच्यातला नियम असा की घरातल्या माणसानं "आत ये" म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. दार सताड उघडं असलं तरी नाही.

नवव्या पानावर कुत्रं रडायला लागलं. मी पुस्तक मिटलं. भर दुपार, बाजूला माझी सायकल, पलीकडं बाया शेतात बेणणी करतायत, आणि माझ्या हातावर काटा. मिटलं खरं, पण आता ते कुत्रं का रडतंय ते मला कळायला हवं होतं. भीती वाटणाऱ्या माणसाला भीतीची गोडीही जास्त लागते, हे तुम्हाला पटायचं नाही. पोटात गोळा येतो, आणि तो गोळाच हवासा वाटतो. पुन्हा उघडलं. तेव्हा मला समासात पेन्सिलीनं लिहिलेली बारीक अक्षरं दिसली.

'इथे कुत्रं रडतं. काही होत नाही. पुढे वाचा.'

मी इकडंतिकडं बघितलं. खरंच. कुणीतरी माझ्याशी बोललं असं वाटलं. पुढं वाचलं. काही झालं नाही.

चौथ्या दिवशी एकतिसाव्या पानावर पुन्हा. 'पुढची तीन पानं जेवल्यावर वाचावीत. उपाशीपोटी फार लागतात.' माझी अर्धी भाकरी उरली होती. मी ती आधी संपवली, पाणी प्यालो, आणि मग वाचलं. ज्यानं कुणी हे लिहिलं होतं त्याचे उपकार झाले. ती पानं उपाशीपोटी वाचली असती तर मी त्या दिवशीची उरलेली घरं केलीच नसती. अठ्ठावन्नाव्या पानावर होतं, 'इथे मी पुस्तक दोन दिवस भाताच्या कणगीत ठेवलं होतं. बाहेर असलं की ते आपल्याकडे बघतं.' मी एकटाच हसलो. मी ते आदल्या दिवशी खांद्याच्या पिशवीत, काचपट्ट्यांच्या पेटीखाली दाबून ठेवलं होतं, त्याच कारणानं.

दहा-बारा दिवस असे गेले. रोज दुपारी कुठल्या तरी झाडाखाली आठ-दहा पानं. दुपारपर्यंत मी त्यांची वाट बघायचो आणि दुपारनंतर वाचलेलं घोळवत फिरायचो. एरवी मला जेवताना कुणी जेव म्हणत नव्हतं, थांब म्हणत नव्हतं. हे पेन्सिलवालं माणूस म्हणत होतं. 'इथे श्वास घ्या.' 'हा फक्त वारा आहे.' 'ही म्हातारी चांगली आहे, तिला घाबरू नका.' मी घाबरणार कुठं, हे त्याला माझ्याआधी ठाऊक असायचं, कारण ते स्वतःच तिथं घाबरून बसलेलं असायचं.

अकराव्या प्रकरणाच्या शेवटी तो मुलगा उघड्या दाराबाहेर उभा राहतो. वसुधा आत. ती त्याला बघते आणि तोंड उघडते. प्रकरण संपलं. राहिली शेवटच्या प्रकरणाची चौदा पानं. आणि समासात होतं, 'यापुढे मी एकटी जाणार नाही.'

एकटी. म्हणजे बाई होती. मी ते पान किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक. पुढचं पान उलटायची माझी छाती झाली नाही. मग पिशवीतली पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं, 'मीही नाही. ता. १७-९-७४.' तारीख टाकायची सवय. सरकारी माणूस आहे, तारखेशिवाय हात थांबत नाही.

पुस्तक परत करताना मी सखारामभाऊंना विचारलं, हे आणखी कोण नेतं? त्यांनी वही चाळली. "सभासद क्रमांक एकशे बारा. बाजाराला येतात तेव्हा नेतात. तुम्ही आणि त्या, दोघंच."

"नाव काय?"

"बाईमाणसांची नावं आम्ही सांगत नाही," ते म्हणाले आणि वही मिटली. खोडरबर त्यांच्या हाताशीच होतं, पण ते पुस्तक उघडायचं धाडस त्यांना झालं नाही. त्यांच्या भित्रेपणामुळंच आमचं पुढचं सगळं झालं.

तीन आठवड्यांनी पुस्तक पुन्हा माझ्या हाती आलं. मी माळ्याच्या जिन्यातच शेवटून उघडलं. माझ्या ओळीखाली लिहिलं होतं, 'तुम्हीही घाबरता? पुरुष असून?' मी लिहिलं, 'पुरुष असून. आणि रात्री तर पुस्तकाला हातही लावत नाही. ता. १०-१०-७४.' पुढच्या वेळी, 'मीही दुपारीच वाचते. आजा जेवून झोपला की. घरात दुसरं कुणी नसतं. आई-बाप खोपोलीला कारखान्याच्या चाळीत.' असं सुरू झालं. तिची पाळी, माझी पाळी. त्या पानावरची मोकळी जागा संपली तेव्हा आम्ही पहिल्या पानांवर गेलो. तिला मॅट्रिकपर्यंत शिकायचं होतं, नववीत काढली, आजाला भाकरी करून घालायला. मी माझं फार लिहिलं नाही. फिरतीची नोकरी आहे एवढंच लिहिलं. बाकीचं लिहायला पेन्सिल उचलायचो आणि ठेवायचो.

बोलणं बहुतेक पुस्तकावरच असायचं. वसुधानं त्याला आत बोलवावं का? मी म्हणायचो, नाही. ती म्हणायची, का नाही? 'दोनशे वर्षं बाहेर उभा आहे. एकदा म्हणून तर बघावं,' तिनं लिहिलं होतं. मी खाली लिहिलं, 'त्याला बाहेर उभं राहायची सवय आहे. आत येऊन तो करणार काय? ता. २७-११-७४.' त्यावर तिनं लिहिलं, 'ते त्याचं त्याला ठरवू दे. आपण बोलवायचं काम करावं.' मी हरलो. मला हरायला फार बरं वाटलं. माझ्याशी कुणी वाद घालत नव्हतं हो. माझ्याशी लोक दोन शब्द बोलायचे आणि दार लावायचे.

शेवटचं प्रकरण दोघांनीही वाचलं नाही. ते न वाचता पुस्तक परत करायचं आणि पुन्हा न्यायचं. सखारामभाऊंना आम्ही दोघंही खुळे वाटलो असणार.

जानेवारीत पुस्तक आलं तेव्हा अगदी शेवटच्या पानाच्या मागं, कोऱ्या जागेत, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

'आपण शेवट एकत्र वाचू. एकाला भीती वाटली तर दुसऱ्यानं वाचायचं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी या. कोंडाणे. चिंचेजवळ निळ्या दाराचं घर. आजा ओटीवर असेल, तो कुणाला काही बोलत नाही. पुस्तक घेऊन या. जनी.'

निळ्या दाराचं घर मला पाठ होतं. माझ्या फेरीत तेविसावं. काळूराम म्हाताऱ्याचं. ओटीवर दारालाच पाय आडवे पसरून तो सुंभ वळत बसलेला असायचा. मी अंगणात उभा राहून विचारायचो, तो मान न उचलता म्हणायचा, "नाय." आतून भांड्यांचा आवाज यायचा. मी हात लांब करून तारीख लिहायचो आणि जायचो. चार वर्षांत त्या घरातलं दुसरं माणूस मी पाहिलं नव्हतं. भांडी घासणारी ती होती.

मला आनंद झाला असं तुम्हाला वाटेल. झाला, तासभर. मग मात्र माझ्या डोक्यात एकच चाललं. तिला माहीत नाही कोण येणार आहे ते. तिनं कुणा वाचणाऱ्या माणसाला बोलावलंय. दारात बघेल तर मलेरियावाला. मग तिचा चेहरा कसा होईल? पुस्तकातल्या कुठल्याच पानाला मी इतका भ्यालो नव्हतो. न जावं तर हे एक बोलणारं माणूस गेलं, आणि जावं तर तो चेहरा बघायचा. संक्रांतीपर्यंत मी रोज ठरवायचो आणि रोज मोडायचो.

गेलो. पांढरा सदरा घातला, इस्त्री केलेला. केस चापून बसवले. पुस्तक घेतलं. आणि निघता निघता काचपट्ट्यांची पिशवीही खांद्याला अडकवली. वाटेत कुणी विचारलं, कुठं चाललास, तर कामावर म्हणता येईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर तशीच सवय होती. पिशवीशिवाय मी कुणाच्या अंगणात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

चिंचेखाली सायकल लावली. म्हातारा नेहमीच्या जागी, नेहमीसारखाच पाय पसरून. त्यानं या खेपेला मान उचलली.

"आज कसा काय रं? चार दिस नाय झालं येऊन गेलास."

मी काही बोलणार तेवढ्यात आतून ती आली. माझ्याएवढीच उंच, काटकुळी, पदर खोचलेला, हाताला पीठ. दारात थांबली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, ज्यासाठी इतके दिवस झोप उडाली होती त्या चेहऱ्याकडं. त्यावर आश्चर्य नव्हतंच. ती मला बघून जराशी हसली, वाट बघत असलेलं माणूस आल्यावर हसतात तसं.

"आत या," ती म्हणाली.

सुंभ वळणारे हात थांबले.  म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं.

"आज्या, मी बोलावलंय त्यांना," ती म्हणाली. आवाज किंचित हलला, पण ती हलली नाही. "पुस्तक वाचायचं हाय आमाला."

 म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या सदऱ्याकडं, काखेतल्या पुस्तकाकडं. मग खाली बघितलं आणि दारात पसरलेले पाय आखडून घेतले. एक आणि मग दुसरा. वाट झाली.

ओटीला तीन पायऱ्या होत्या. मी चार वर्षं सायकलीवर ज्यांच्याशी भांडत होतो ती सगळी माणसं बाजूला झाली होती. म्हातारा बाजूला झाला होता. ती दारात उभी होती. आत चुलीचा धूर दिसत होता, फळीवर पितळेचे दोन डबे दिसत होते. मला पाय उचलायचा होता. देवाशप्पथ सांगतो, आमचे देव वडिलांनी सोडले तरी सांगतो, मला उचलायचा होता. आत गेल्यावर बसायचं कुठं? आधी हात धुवायचे का? काही दिलं तर खाली ठेवल्यावर उचलायचं की हातातून घ्यायचं? शेजारची बाई आली तर? उद्या हिला कुणी काही बोललं तर? सगळं एकदम आलं. 

आणि माझ्या तोंडून निघालं, "कुणाला ताप आलाय का घरात?"

ती बघत राहिली. हसू कुठं गेलं ते कळलंच नाही. मी खाली बघून पिशवीचा बंद सोडायला लागलो, जसं काही मी त्यासाठीच आलो होतो. बंदाची गाठ सुटत नव्हती. म्हातारा माझ्याकडं बघत होता हे मला न बघता कळत होतं.

"हाय," ती म्हणाली. "मला हाय."

ती पुढं येऊन ओटीच्या कडेला बसली, सगळे बसतात तिथं, आणि पदराला पीठ पुसून डावा हात पुढं केला.

मी बोळा फिरवला. हात गार होता. ताप-बीप काही नव्हता, हे कुणालाही कळलं असतं. सुई टोचली. तिनं बोट मागं घेतलं नाही. थेंब काचपट्टीवर घेतला, पसरला. आता तो वाळेपर्यंत थांबायचं होतं. मी वर हात हलवत माशा हाकलत उभा राहिलो. म्हाताऱ्यानं सुंभ पुन्हा हातात घेतला होता, पण वळत नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं," मी हळूच म्हणालो. "मी कोण ते."

"दर पंधरा दिसांनी आमच्या भिंतीवर तारीख घालता," ती तितक्याच हळू म्हणाली. "तुमच्या सातची शेपटी केवढी लांब असती. पुस्तकात पयल्यांदा बघितली तवाच ओळखली."

म्हणजे सप्टेंबरपासून. 'पुरुष असून?' लिहिताना तिला माहीत होतं. आजा झोपतो ते सांगताना माहीत होतं. 'आपण बोलवायचं काम करावं' हे तिनं मला लिहिलं होतं, वसुधाला नाही. आणि मी खाली तारीख घालून तिला शहाणपण शिकवत होतो. मला स्वतःची इतकी लाज जन्मात कधी वाटली नव्हती.

नियमाप्रमाणं मी चार गोळ्या काढून तिच्या तळहातावर टाकल्या. वरून टाकल्या, तीही सवयच. "नको घेऊ," असं मी पुटपुटलो. तिनं ऐकलं नाही. दारातला तांब्या घेतला आणि एकेक करून चारही गिळल्या. त्या गोळ्या किती कडू असतात मला ठाऊक आहे. मोठमोठी माणसं तोंड वेडंवाकडं करतात. ती माझ्याकडं बघत होती आणि तिचं तोंड जराही वाकडं झालं नाही.

"बोलावलं व्हतं मी तुमाला," तांब्या ठेवून ती म्हणाली.

"हो."

"मग?"

मी म्हणालो, "मला भीती वाटली."

हे मी पुस्तकात वीस वेळा लिहिलं होतं. तोंडानं कुणाला पहिल्यांदाच सांगितलं.

"मला पन वाटत व्हती," ती म्हणाली. "रात्रभर झोप न्हवती. तरी म्हनले ना."

मी पुस्तक पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही. ती उठली, म्हाताऱ्याच्या बाजूनं आत गेली. दार तिनं लावलं नाही. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.

काचपट्टी केव्हाच वाळली होती. मी तरी हात हलवत होतो. म्हाताऱ्याचे पाय अजून आखडलेलेच होते. बऱ्याच वेळानं तो, मान न उचलता, म्हणाला, "किती येळ उबा ऱ्हाशील रं पोरा?"

मी काचपट्टी पेटीत ठेवली, पिशवी खांद्याला लावली, पुस्तक काखेत घेतलं आणि सायकलीकडं गेलो.